गुळव्याचा डावा पाय

सोलापूर, सात रस्ता
६ नोव्हेंबर २०२४

मामा,

आई म्हणाली, मामाला पत्र लिहितेस तर सुरुवातीला पाया पड. मी पडत नाहीये. तुमचे पाय हाच आपल्या भांडणाचा विषय आहे आणि त्यांना सध्या नमस्काराची नाही, चपलांची गरज आहे.

फोन करायचा नाही अशी तुमची ताकीद आहे. तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि मागे उसाचा चरक चालू. मी हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येत नाही, मोठ्याने बोलले तर अख्ख्या गुऱ्हाळाला कळतं. म्हणून हे पत्र. ईरप्पाचा टेम्पो गूळ घेऊन माढ्याहून सोलापूरच्या बाजारात येतो, त्याच्याबरोबर आपली पत्रं ये-जा करतील. पाकीट नीट बंद केलं आहे. तरीही ईरप्पाने उघडलंच, तर ईरप्पा, तूही एकदा रक्त तपासून घे. पोट बघ तुझं.

तर रिपोर्ट आले. भाऊबीजेला आईने ओवाळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी मी तुम्हाला आमच्या दवाखान्यात नेलं, त्या वेळचे. उपाशीपोटी साखर दोनशे चौदा. गेल्या तीन महिन्यांची सरासरी दहाच्या वर, ती सातच्या आसपास हवी. तेव्हा हे दिवाळीच्या लाडवांचं काम नाही, हा मधुमेह आहे आणि जुना आहे. डॉक्टरांनी तुम्हाला डोळे मिटायला सांगून तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवला, आठवतं? उजव्या पायाला तुम्ही बरोबर 'व्हय, व्हय' म्हणालात. डाव्या पायाला त्यांनी दहा वेळा दोरा टेकवला, तुम्ही एकदाच 'व्हय' म्हणालात आणि नेमका तेव्हा दोरा टेकवलेला नव्हता.

म्हणजे डाव्या पायाला काही लागलं, भाजलं, टोचलं तर तुम्हाला कळणार नाही. न कळलेली जखम चिघळते आणि पाय जाऊ शकतो. डॉक्टर म्हणाले, गोळ्या रोज आणि अनवाणी एक पाऊलही नाही. चपलांचं झालं. आता मुख्य मुद्द्याकडे येते, म्हणजे आहार.

मामा, तुम्ही गुळवे आहात. उसाचा रस काहिलीत किती उकळायचा आणि कोणत्या क्षणी खाली उतरवायचा हे तुमच्या बोटांना आणि जिभेला कळतं, म्हणून गुऱ्हाळाचे मालक चन्नप्पा यांचा गूळ बाजारात चार पैसे जास्त खातो. तीस वर्षं दिवसाला किती वेळा बोट चाटलं असेल याचा मी वहीत हिशेब केला. दिवसाला पावशेर निघाला. मला घेरी आली. गूळ शेतातला, साखर कारखान्यातली, म्हणून गूळ चालतो असं तुम्ही मला भाऊबीजेला ऐकवलंत. रक्ताला दोन्ही सारखेच, मामा. रक्तात गेल्यावर गुळाला कुणी 'या, बसा' म्हणत नाही.

सोबत तक्ता जोडला आहे. सकाळी ओट्स, दुपारी किन्वा आणि उकडलेली ब्रोकोली. भात बंद, केळं बंद, गूळ कायमचा बंद.

तुमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही आहारशास्त्रातली, म्हणून तुम्ही माझा पदवीचा फोटो देवांच्या शेजारी लावला आहे. आता त्या फोटोचं जरा ऐका.

शिवलीला

*

माढ्याजवळ
१२ नोव्हेंबर

शिवलीला,

पत्र मिळालं. ईरप्पानं काय उघडलं न्हाय. पर देताना पोट आत घेऊन उभा होता.

तुझ्या आईनं ओवाळलं अन् तू सुई टोचलीस, असली भाऊबीज कुणाची न्हाय झाली. ते जाऊ दे. तुझ्या शब्दाखातर पत्र आल्यापासनं गूळ सोडला. बोट चाटणं बंद, खडा बंद, सगळं बंद. तीस वर्षांची सवय, जीव लई तुटतो. काहिलीपाशी उभा ऱ्हातो अन् तोंड दुसरीकडं करतो. पर भाची ग्रॅज्युएट हाय तर मामानं येवढं केलंच पायजे.

तक्ता तुझ्या मामीला वाचून दावला. ती म्हणली, किन्वा ही कुठली पालेभाजी? मी म्हणलं धान्य हाय. ती म्हणली मग तुमच्या बहिणीच्या पोरीला म्हणावं पेरायला ये. ब्रोकोलीचं चित्र बघून म्हणली, हा कोबी आजारी पडलाय.

जोंधळ्याची भाकरी मातर सुटायची न्हाय. आमच्याकडं रेवणसिद्ध जाळ घालतो काहिलीखाली. त्याच्या मोबाईलमदी सगळ्या रोगांवर औषध हाय. त्याला मी म्हणलं, माझ्या एका पाव्हण्याला शुगर हाय, काय करावं? तो म्हणला भाकरी शुगरवाल्याला कितीबी चालती, जोंधळ्यात साखर नसतीच. पाव्हणा पाच खातो. आन कारल्याचा रस प्याला की गोळीची गरज न्हाय म्हणला. पाव्हण्यानं चार दिस कारलं पिऊन बघितलं. पाव्हण्याचं तोंड असं झालं हाय की बायको म्हणती, माझ्यावर रागावलाव का.

गोळी चालू हाय, भिऊ नको.

आन ही शुगर मला झालीच कशी? मी काटकुळा माणूस. शुगर जाड्यांना होती. रेवणसिद्ध म्हणतो पाव्हणा गुळात काम करतो का? मी म्हणलं न्हाय, शाळामास्तर हाय.

चपलांचं म्हणशील तर घालतो. घरात बी घालतो, तुझी मामी ओरडती.

एक काम कर. कुणाला सांगू नको. गुळव्यालाच साखर झाली म्हणून माढ्यापासनं करमाळ्यापातूर लोक हसतील, ते एक. आन चन्नप्पा म्हणंल आजारी माणूस उकळत्या काहिलीपाशी कशाला, आन दुसरा गुळव्या बघंल. तितनं मला उठवलं तर मी काय करू? ओसरीवर बसून माशा मोजू?

तुझा मामा

*

सोलापूर
१५ नोव्हेंबर

मामा,

पाकीट गुळाने चिकटवत जाऊ नका. माझ्या टेबलावर पोहोचेपर्यंत मुंग्यांनी निम्मं पत्र वाचलं होतं.

पण तुम्ही गूळ सोडलात हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते. तीस वर्षांची सवय एका पत्रावर! मी डॉक्टरांना सांगितलं, 'सर, एक गुळवे आहेत, त्यांनी गूळ सोडला.' ते म्हणाले हे फळ्यावर लिहा. आता आमच्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी तुमचं उदाहरण देते, नाव न घेता. काल एका बाईंनी तुमच्या कौतुकात पेढ्याचा बॉक्स उघडण्याआधीच परत पिशवीत ठेवला.

किन्वा मागे घेते. मीही तो कधी खाल्लेला नाही, पुस्तकात होता. केळंही मागे घेते, अर्धं खा, जेवणावर डझनभर नको. भाकरी खाच, पण पाच नाही. जोंधळा चांगलाच आहे, तरी पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते, सावकाश होते एवढंच. आणि मामींची भाकरी ताटाबाहेर लोंबते हे मला माहीत आहे. तसल्या दोन. बरोबर उसळ, पालेभाजी, काकडी. शेंगाचटणी चमचाभर, वाटीभर नाही.

कारलं भाजी करून खा की, पण गोळीच्या जागी नको. आणि काटकुळ्यांनाही होतो मधुमेह. तुमच्या आईला होता, बहुतेक आजोबांनाही असणार, त्या काळी 'झिजले' म्हणायचे. नुसतं गोड खाल्लं म्हणून होतो असं नाही. तेव्हा रेवणसिद्धला सांगा, शाळामास्तरांनाही होतो.

गुपित माझ्याकडे सुरक्षित आहे. चपला घालता हे वाचून बरं वाटलं, तो विषय मिटला.

तुमची अभिमानी भाची,
शिवलीला

*

२ डिसेंबर

शिवलीला,

तुझी सगळी पुस्तकं रद्दीत घाल. गूळ हेच शुगरचं औषध हाय, मी सिद्ध करून दावलं.

झालं असं. तू दोन भाकरी म्हणलीस. मी विचार केला, दुपारची जेवलोच न्हाय तर रातच्याला चार खाता येतील. सकाळी गोळी घेतली अन् तसाच कामाला गेलो. दुपारी रस उकळीला आला, अन् माझे हात लटलट कापायला लागले. घाम असा की अंगरखा पिळून घ्यावा. डोळ्यांपुढं काहील एकाची दोन दिसली. मी म्हणलं गेलो. रेवणसिद्धनं धरून बसवलं अन् तोंडात गुळाचा खडा कोंबला. दहा मिनटांत माणूस ताजातवाना! उठून काहील उतरवली.

आता बोल. गूळ बरोबर का तुझा फळा बरोबर?

आणि काय गूळ करतो गं मी! मला ठावंच नव्हतं.

मामा

*

सोलापूर
४ डिसेंबर

मामा,

तुमचं पत्र वाचून मी डॉक्टरांच्या खोलीत पळाले.

हे लिहिताना माझा जीव वर-खाली होतोय, पण त्या एका क्षणी गूळ बरोबर होता. रेवणसिद्धने तुमचा जीव वाचवला. हे वाक्य त्याला अजिबात वाचून दाखवू नका.

पण औषध म्हणून नाही, मामा! तुम्ही गोळी घेतलीत आणि जेवला नाहीत. गोळीने साखर खाली ओढली आणि वरून काही आलंच नाही, म्हणून ती हवी त्यापेक्षा खाली गेली. तेव्हा चिमूटभर गोड खायचंच असतं, आणि लगेच मागोमाग जेवायचं. पण ती वेळ येऊच द्यायची नाही. भाकऱ्या दुपारच्या वाचवून रात्री खाता येत नाहीत, त्या काही सुट्ट्या नाहीत. काहिलीत तोल गेला असता म्हणजे?

डॉक्टरांनी सकाळची गोळी बदलून दिली आहे, ईरप्पाबरोबर पाठवते. चिठ्ठीवर लिहिलंय तशीच घ्या. आणि महिनाअखेरीस तपासणीला या. येताना परीक्षेसारखा अभ्यास करून येऊ नका. आधी तीन दिवस उपास करून माणसं येतात आणि रिपोर्ट पेढ्यासारखा मिरवतात. तीन महिन्यांची सरासरी काढणारी तपासणी असल्या अभ्यासाला भुलत नाही.

'मला ठावंच नव्हतं' म्हणजे काय, ते कळलं नाही. तुमचा गूळ कसा लागतो हे तुम्हाला माहीत नव्हतं?

शिवलीला

*

११ डिसेंबर

शिवलीलाबाई,

मी तुझी मामी चंद्रव्वा. माझी शाळा पाचवीपातूर, अक्षर लागलं तर वाच, न्हाय तर तुझ्या आईकडून वाचून घे.

तुझ्या पत्रातला तो शेवटचा सवाल मी वाचला. ह्यांनी पत्र डब्याखाली दडवलं होतं. तर ऐक. तुझ्या मामानं गूळ सोडला म्हणून तू फळ्यावर लिवलंस ना? ते पुसून टाक. हा माणूस गूळ खातच न्हाय. माझं लगीन झालं तवापासनं बघते, गुळाचा खडा ह्यांच्या तोंडात गेलेला मी पाहिला न्हाय. दिसभर त्या वासात उभं ऱ्हाऊन ह्यांना गुळाची शिसारी बसली हाय. पाक झाला का न्हाय ते बोटानं पाण्यात सोडून गोळी वळते का बघतात. जिभेला लावतच न्हाईत. सणाला पुरणाची पोळी केली तर ह्यांच्यापुरती साखरेची करावी लागती, आन ह्यांना लोक गुळव्या म्हणतात!

न खाल्लेला गूळ सोडून तुझ्याकडनं कौतुक घेतलं. मी म्हणलं, लाज वाटत न्हाय? तर म्हणले, पोरीला बरं वाटलं, माझं काय गेलं.

आता खरं काय ते सांगते. गुळाचा चहा ह्यांना चालत न्हाय, म्हणून साखरेचा. कपात दोन चमचे. मी रेवणसिद्धला मोजायला लावलं. परवा एका दिसात अकरा कप. गुऱ्हाळात वहाण घालून कुणी जात न्हाय, पायरीपाशी काढायची. भाईर येऊन चहा प्यायचा म्हंजे वहाण घाल, आत जाताना पुन्हा काढ, त्याचा ह्यांना कंटाळा. म्हणून जाळापाशीच उभ्याउभ्या पितात. अकरा कप अन् वर दुकानातनं आणलेलं ते शुगरफ्री बिस्कीट. त्यात साखर न्हाय म्हणून अख्खा पुडा.

तूच ह्यांना काय ते सांग. माझं ऐकत न्हाईत.

चंद्रव्वा

*

सोलापूर
१४ डिसेंबर

मामी,

तुमचं अक्षर लागलं, आणि प्रत्येक शब्द लागला.

मी फळा पुसला. डॉक्टर आधी हसले, मग खोकले, मग पाणी प्यायले आणि म्हणाले, 'मॅडम, त्यांना गूळ खाता का हे तुम्ही विचारलं होतं का?' नव्हतं विचारलं. गुळवे म्हणजे गूळ खाणारच, असं मी धरून चालले होते. तीन पत्रं मी एका न खाल्लेल्या गुळाशी लढत होते.

पण अकरा कप! मामी, बावीस चमचे साखर! आता कुठे मला शत्रू दिसला. एकदम बंद नको, डोकं धरून बसतील. या आठवड्यात कपात एक चमचा, पुढच्या आठवड्यात अर्धा, मग बिनसाखरेचा. कप लहान करा. ताक द्या, मिठाचं बेताने. बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतो, तोही रक्तात साखरच होऊन बसतो, पुडा लपवून ठेवा. आणि रोजचे कप भिंतीवर खडूने लिहा. भिंत खोटं बोलत नाही, आमचे मामा बोलतात.

आता सगळं बरोबर होणार बघा. चूक सापडली.

तुमची शिवलीला

*

सोलापूर
२० जानेवारी २०२५

मामा,

तुम्हाला दवाखान्यातून घरी जाऊन चार दिवस झाले. पंधरा दिवस रोज तुमच्या खाटेशी बसत होते आणि जे बोलायचं ते एकदाही बोलले नाही. तुम्ही बोलूच देत नव्हता. नर्सला गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यांचे किस्से सांगत होता, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या पथ्याच्या खिचडीला नावं ठेवत होता. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारलंत, 'करंगळी गेली तर वजन किती कमी हुईल? माझी भाची वजनाच्या मागं लागलीया.' ते हसले. मी बाहेर गेले.

म्हणून पुन्हा पत्र.

त्या दिवशी मामींनी फोन केला, तो आपल्या या सगळ्या महिन्यांतला एकच फोन. त्या म्हणाल्या, ह्यांच्या पायाला वास येतोय, आणि हे म्हणतात दुखत न्हाय तर एवढं काय. काहिलीखालचा निखारा बाहेर उडाला होता आणि तुम्ही त्याच्यावर उभे होतात. किती वेळ, ते तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही पाक बघत होतात. नंतर पाच दिवस हळद आणि राख लावून कुणाला सांगितलं नाही. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं तुम्हाला वाटलं. दुखत नव्हतं हेच तर वाईट होतं, मामा.

मी तुम्हाला रागवायला बसले होते. पण काल मामींचं पत्र पुन्हा काढलं. त्यात सरळ लिहिलंय: गुऱ्हाळात वहाण घालून कुणी जात न्हाय. जाळापाशीच उभ्याउभ्या पितात. मी ते वाचलं होतं. त्यावरून उलट पत्र लिहिलं, दीड पान, सगळं चहाबद्दल. अकरा कप मला दिसले. तुमचे उघडे पाय दिसले नाहीत. डॉक्टरांनी सुरुवातीला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली एक मी दोन ओळींत उरकली आणि 'मुख्य मुद्द्याकडे येते' असं लिहिलं. तुम्ही 'चपला घालतो' म्हणालात, मी 'विषय मिटला' लिहिलं. कुठे घालता आणि कुठे काढता, एवढं विचारायला काही पदवी लागत नव्हती.

तुम्ही लपवलंत हे खरं. पण मी ज्या गोष्टीत शिकलेली आहे, तेवढीच बघत राहिले.

एक करंगळी गेली. डॉक्टर म्हणतात, आणखी चार दिवस उशीर झाला असता तर घोट्यापर्यंत गेलं असतं. आता इन्सुलिन सुरू केलंय, तर तुम्ही मामींना म्हणालात 'शेवटचं आलं.' शेवटचं नाही. जखम भरायला मदत म्हणून आहे, पुढे कदाचित बंदही होईल.

जखम भरली की जाड तळाचे बंद बूट घालून उभं राहायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. अनवाणी मात्र कधीच नाही. आणि तुम्ही म्हणालात, गुऱ्हाळात बूट घालून गुळव्या गेला तर चन्नप्पा तो गूळ गुरांनाही घालणार नाही. 'मग मी गुऱ्हाळात परत गेलोच न्हाय म्हणून समज.' हे तुम्ही हसत म्हणाला नाहीत. तेवढं एकच.

यावर माझ्याकडे तक्ता नाही, उपाय नाही. तुम्ही काय ठरवलंत ते कळवा.

शिवलीला

*

२ मार्च

शिवलीला,

दीड महिना पत्र लिहिलं न्हाय कारण लिवण्यासारखं कायबी नव्हतं. ओसरीवर बसून होतो. तुझी मामी इन्सुलिन टोचायची, आन तिचा हात लई हलका निघाला, तुझ्यापेक्षा. ते डॉक्टरनं मागल्या बुधवारी बंद केलं, गोळ्या ठेवल्या. जखम भरली. करंगळीच्या जागी आता बोट न्हाय नि काय न्हाय, सपाट. तीन महिन्यांचा आकडा आठच्या खाली आला. चहा बिनसाखरेचा पितो. चव अशी की चहानं आपल्याशी भांडण काढल्यागत.

तर पंधरा दिसामागं ईरप्पा बूट घेऊन आला, तूच पाठवलेले. मी म्हणलं ठेव कोपऱ्यात. चन्नप्पानं दुसरा गुळव्या आणला होता करमाळ्याकडचा. त्याचा गूळ काळा पडत होता, ढेपा बाजारातनं परत येत होत्या. चन्नप्पा दोनदा येऊन बसला ओसरीवर. म्हणला, ये की परत. मी म्हणलं, बूट घालून येतो. तो म्हणला, आज्ज्यापासनं आमच्या गुऱ्हाळात वहाण गेली न्हाय. गूळ म्हंजे लक्ष्मी, तिच्यापुढं वहाण कशी न्यायची. मला बी ते पटतं की. मी तीस वर्षं पायरीपाशी वहाण काढली ती काय कुणाच्या भ्यानं न्हाय.

तुझी मामी आत भाकरी थापत होती. कान इकडंच.

दुसऱ्या दिशी सकाळी उठून बघतो तर बाई घरात न्हाय, बूट बी न्हाईत. मी काठी घेऊन, चप्पल घालून, लंगडत गुऱ्हाळाकडं गेलो. बघतो तर पायरीपाशी सूप मांडलंय. सुपात माझे बूट. बुटांना हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, पुढं नारळ. आन तुझी मामी उदबत्ती लावती. चन्नप्पा, ईरप्पा, रेवणसिद्ध, सगळे भोवती उभे.

चन्नप्पा म्हणला, "वैनी, हे काय चालवलंय?"

ही म्हणली, "खंडेनवमीला तुमी चरक पुजता, फावडं पुजता, काहील पुजता. पुजलं की ते अवजार. हे ह्यांचं अवजार हाय. रस्त्याला हे लागायचं न्हाय. हितंच फळीवर ऱ्हाईल, हितंच पायात जाईल, हितंच निघंल. रस्त्यानं चालायला ह्यांची दुसरी वहाण हाय."

चन्नप्पा म्हणला, "वैनी, बूट पुजलेलं आजवर कुणी बघितलं न्हाय."

ही म्हणली, "काहिलीपाशी भाजलेलं बोट कापून टाकल्यालं बी आजवर बघितलं नव्हतं. ते बघितलं न्हवं?"

शिवलीला, मी अडतीस वर्षं ह्या बाईबरोबर ऱ्हातो. मला वाटायचं तिला सगळ्यात जास्त बोलायला मीच लावतो.

चन्नप्पानं माझ्या पायाकडं बघितलं. मग वाकला, नारळ उचलला आन पायरीवर आपल्या हातानं फोडला. मला म्हणला, "चढव."

मी तितंच बसलो अन् सगळ्यांच्या पुढं सांगून टाकलं. शुगर मला हाय. पाय मला कळत न्हाय. रेवणसिद्ध म्हणला, "मग तो शाळामास्तर पाव्हणा?" मी म्हणलं तो मीच. तो म्हणला, "तवाच म्हणलं, मास्तर लोक एवढं कारलं पीत न्हाईत." ईरप्पानं वर हात केला, शाळेत पोरं करत्यात तसा. म्हणला, "मला बी हाय. शिवलीलाताईनं पाकिटात लिवलं होतं, म्हणून तपासलं. एकशे नव्वद." म्हंजे पयलंच पत्र उघडलं होतं त्यानं. मी शिव्या देणार होतो, पर गोळ्या चालू केल्यात म्हणला, मग सोडून दिलं. तू पुढच्या महिन्यात तुझ्या डॉक्टरचा तो दोरा घेऊन ये. हितं आठ माणसं अनवाणी उभी ऱ्हात्यात अन् एकाचा बी पाय कुणी तपासल्याला न्हाय. डोळे मिटून 'व्हय' कवा म्हणायचं ते मी शिकवून ठेवतो.

तू मागल्या पत्रात लई काय काय लिवलंस स्वतःबद्दल. ते पत्र मी पुन्हा वाचणार न्हाय. खोटं मी बोललो. तू इचारलं असतंस तरी मी खोटंच बोललो असतो, एवढा भरवसा ठेव माझ्यावर. काहिलीपासनं उठवतील ह्याचंच भ्या होतं, आन पायाचं काय भ्या वाटत नव्हतं, कारण पाय दुखतच नव्हता.

आता दोन तास उभा ऱ्हातो, मग बसतो. पाक बोटानंच बघतो. पायातल्या बुटाची सवय व्हायला चार दिस लागले. पयल्या दिशी वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या तरी जागी उभा हाय.

सांजच्याला घरी आलो की तुझी मामी मला खाटेवर बसवती. डावा पाय मांडीवर घेती अन् दाराकडल्या उजेडात धरती. डॉक्टरनं सांगितलंय तसं सगळं बघती, बोटाबोटातनं, टाचंखालनं, कापलेल्या जागी. बायकोच्या मांडीवर पाय टाकायचा म्हंजे मला लाज वाटली, पयल्या दिशी मी दार लावून घेतलं. ती म्हणली, दार उघडा, उजेड येऊ द्या. तिचा हात पायावर फिरतो ते मला कळत न्हाय. म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघत बसतो. सगळं बघून झाल्यावर ती म्हणती, "काय न्हाय." मग मी पाय खाली घेतो.

तुझा मामा